भुकेली जीभ

आमच्या घरी स्वयंपाक मी करतो आणि गुण ही देते. नऊपैकी. दहापैकी का नाही, असं मी लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं. "आमच्याकडे नऊच असतात," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून मी सहाचा माणूस आहे. चांगल्या दिवशी सहा, वाईट दिवशी साडेचार. सातवा गुण मी कधी बघितला नव्हता, आणि तो असतो यावरचा माझा विश्वासही उडत चालला होता.

ही म्हणजे माझी बायको. पाकिटातलं सूप बनवणाऱ्या फॅक्टरीत ती चव घेण्याचं काम करते. लोक ऐकून म्हणतात, वा, मजा आहे, फुकटचं खायचं आणि वर पगार! एकदा येऊन बघा म्हणावं. खोलीला खिडकी नाही. दिवा लाल, कारण सूपचा रंग दिसला की जीभ फसते. प्रत्येकाला फळ्या मारून वेगळा कप्पा केलेला, कारण शेजाऱ्यानं नाक मुरडलं की आपलंही मुरडलं जातं. समोर वाट्या, वाट्यांवर आकडे, बाजूला कोमट पाणी आणि बेसिन. चमचाभर तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं, कागदावर गुण टाकायचे, चूळ भरायची, पुढची वाटी. गिळायचं नाही. अत्तर लावायचं नाही, डोक्याला तेल नाही, आणि चव घेण्याआधी दोन तास पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. हा शेवटचा नियम हिनंच केलाय. भिंतीवर हिच्या सहीनिशी टांगलाय.

चव घेणारी माणसं चार, त्यांची प्रमुख ही. हिनं नाही म्हटलं की सूपच्या भुकटीची पिंपंच्या पिंपं परत जातात. साहेबसुद्धा हिच्यापुढे चूं करत नाहीत. फॅक्टरीत हिला 'तराजू' म्हणतात आणि हिला ते आवडतं. तोंडावर दाखवत नाही, पण आवडतं.

आता हिची जीभ एवढी कडक का, तर हिला भूकच नव्हती. पित्त. सकाळी आंबट ढेकर, दुपारी छातीत जळजळ, संध्याकाळी पोट फुगून नगारा. भूक नसलेल्या माणसाला कोण फसवणार? जेवायला बसायची ती बँकेत सही करायला बसल्यासारखी. दोन घास, एक आकडा, पेलाभर पाणी, उठली. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. पुढच्या खोलीत माझं दुकान, मागच्या खोलीत स्वयंपाक. मशीनला तेल घालता घालता गॅसवर लक्ष ठेवायचं आणि जीव ओतून रांधायचं, आणि ते असं ताटात पडून राहायचं. माझं काळीज तुटायचं. पण बोलणार कुणाला? उरलेलं मीच खायचो. माझं पोट बघा, कळेल.

चव घेणाऱ्या चौघांचीही पोटं बिघडलेलीच. रोज वाट्या हुंगायच्या आणि गिळायचं काही नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? कुणी ना कुणी सारखं रजेवर. शेवटी साहेबांना कुणीतरी सांगितलं की योगा सुरू करा, पचन सुधारतं. साहेबांना पटलं. आता वेळ कोणती? योगाला पोट रिकामं लागतं. चवीलाही पोट रिकामं लागतं. मग एकाच रिकाम्या पोटात दोन्ही कामं उरकून घेऊ, असं साहेबांनी ठरवलं. आधी योगा, लगेच चव. माणसानं डोकं चालवावं, पण किती!

योगा शिकवायला एक बाई यायच्या. काडीसारख्या, हळू बोलणाऱ्या, कशाचीच घाई नसलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पाठीवर झोपवून गुडघे पोटाशी आवळायला लावले. पवनमुक्तासन. नाव ठेवणाऱ्यानं काही लपवून ठेवलेलं नाही. चार अनुभवी माणसं, सगळ्यांची पोटं वर्षानुवर्षं फुगलेली, आणि हॉल छोटा. "मग?" मी विचारलं. "मग काही नाही," ही म्हणाली. "बाईंनी खिडकी उघडली."

पुढे पोटाला पीळ देणारी आसनं आली, पुढे वाकायची आली, श्वासानं पोट आत मारायचं आलं. घरी जेवण झालं की ही फरशीवर गुडघे दुमडून टाचांवर बसायला लागली. वज्रासन. म्हणे जेवणानंतर हे एकच आसन चालतं. मी भांडी घासायचो आणि ही देवीसारखी मागे बसलेली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल.

खूळ गेलं नाही, ढेकर गेले. आधी आंबट ढेकर गेले, मग जळजळ. मग एक दिवस मी भात वाढला, वर वांग्याची भाजी वाढली आणि सवयीनं हिचं ताट उचलायला हात पुढे केला, तर हिनं ताट धरून ठेवलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"अजून आहे का?"

खोटं का सांगू, माझ्या हातातला डाव खाली पडला. मी वाढलं. ते संपलं. आणखी वाढलं. तेही संपलं. ही बोटं चाटत म्हणाली, "सात."

मी पुढच्या खोलीत गेलो, एका मशीनचं चाक उगाच फिरवलं आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगितलं. एक बाई आपलं मशीन न्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, "नऊपैकी सात म्हणजे काय फार नाही." त्यांचं मशीन मी आणखी दोन दिवस अडवून ठेवलं.

मग रोज सात. मग आठ. पोटात कावळे ओरडतायत म्हणत ही दारातूनच स्वयंपाकघरात यायची, झाकणं उघडून बघायची. गालांवर मांस चढलं. झोप लागायला लागली. हसायला लागली हो! जेवता जेवता फॅक्टरीतल्या नकला करून दाखवायची. मी लग्न केलं तेव्हा कुणाशी केलं होतं ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं. मी हवेत होतो.

मला जमिनीवर आणलं माझ्या बहिणीनं. तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. माझी बहीण स्वभावानं सोनं आहे, पण तिच्या हाताला चव नाही. कोबी ती अशी उकडते की कोबीला स्वतःची ओळख राहत नाही. तो कोबी समोर आला. हिनं तो खाल्ला. पुन्हा घेतला. आणि मान डोलावत म्हणाली, "वन्सं, आठ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण बिचारी लाजली. तिला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत कसाबसा दम धरला. घरात पाऊल टाकताच तोफ डागली.

"त्या कोबीला आठ? माझ्या वांग्याला आठ आणि त्या कोबीला आठ?"

"चांगला लागला," ही म्हणाली.

"चांगला लागला! उद्या तू टेबलाच्या पायालाही आठ देशील!"

मी रागाच्या भरात बोलून गेलो. हिच्या तोंडावरचा रंग उडाला. मी माझ्या वांग्याचं बोलत होतो, हिला पिंपं आठवली होती.

आणि तसंच झालं होतं. योगा करून उठलेली ती चार माणसं, पोटात आगडोंब, सरळ लाल दिव्याखाली जाऊन बसायची. पुढ्यात येईल ते सूप त्यांना अमृत लागायचं. आठ, आठ, आठ, नऊ. साहेब खूश, म्हणे आपला माल सुधारला. त्यातच एका खेपेत मीठ दुप्पट पडलं होतं. तीही पास झाली. हिच्या सहीनं. दुकानांतून पाकिटं परत यायला लागली, लोकांनी फोनवरून साहेबांची आई-माई काढली, आणि साहेबांनी हिला बोलावून घेतलं.

साहेब तसे सभ्य. ओरडले नाहीत. म्हणाले, तीन वाट्या ठेवू. दोन वाट्यांत एकच सूप, तिसरीत थोडंसं वेगळं. वेगळी कोणती ते ओळखायचं. अशा बऱ्याच फेऱ्या घेऊ. जमलं तर तुम्ही आहात तिथेच. नाही जमलं तर पॅकिंगला जा, पगार तोच राहील.

"पगार तोच राहील म्हणाले," हिनं घरी येऊन सांगितलं, आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. हिला मी रडताना फारसं पाहिलेलं नाही. पॅकिंगमध्ये वाईट काही नाही, पण उभ्या आयुष्यात या बाईकडे स्वतःचं असं जे होतं ते ही एक जीभ. ती गेली तर तराजूचं नुसतं वजन उरणार.

दुसऱ्या दिवसापासून हिनं योगा बंद केला. बाईंना निरोप धाडला, गुडघे दुखतात. सकाळी उपाशीपोटी काळा चहा प्यायला लागली. मुद्दाम! पित्त परत यावं म्हणून! आणि पित्ताला काय, बोलावण्याचीच वाट बघत होतं. पहिला आंबट ढेकर आला तेव्हा हिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू हरवलेलं कुत्रं घरी आलं.

"परीक्षा झाली की पुन्हा सुरू करशील ना?" मी विचारलं.

"सुरू केलं की पुन्हा जीभ जाईल."

"म्हणजे कधीच नाही?"

"ताट घ्या," ही म्हणाली. ताटात सगळं तसंच होतं. "साडेपाच."

मला ते साडेपाच नको होते. मी तुम्हाला सरळ सांगतो, गुण गेले खड्ड्यात, मला ती झाकणं उघडून बघणारी बाई हवी होती. पण हिची नोकरी, हिचं नाव, ते माझ्या हौसेपायी घालवायचं? कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी आतल्या आत धुमसत होतो. आणि माझा राग नेहमी तिसऱ्याच माणसावर निघतो. मी सायकल काढली आणि योगाच्या बाईंच्या घरी गेलो.

बाई अंगणात चटया वाळत घालत होत्या. मी जे मनात येईल ते बोललो. तुमच्यामुळे भूक लागली, भुकेमुळे जीभ गेली, जिभेमुळे नोकरी जातेय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शेवटची चटई झटकली.

"पचन सुधारलं की भूक लागते," त्या म्हणाल्या.

"ते कळलं हो! पण त्यावर उपाय काय?"

"भुकेवर?"

"हो, भुकेवर!"

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझ्या पोटाकडेही बघितलं. "जेवायला घालतात," त्या म्हणाल्या.

परत येताना मी अर्ध्या वाटेत सायकलवरून उतरलो. अरे, मशीन बिघडलं की मी काय करतो? सगळं सुटं नाही करत. एक स्क्रू फिरवतो, टीप घालून बघतो, मग दुसरा. इथे हिनं एका झटक्यात सगळंच सोडून दिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी हिच्या हातापाया पडून सकाळी आसनं करायला लावली. चहा लपवून ठेवला. आसनं झाल्यावर हिच्यापुढे तीन वाट्या ठेवल्या, दोन वाट्यांत सूप तेच, तिसरीत मीठ जरासं जास्त. हिनं तिन्ही चाखल्या आणि तिन्ही पिऊन टाकल्या. "सगळ्या आठ," म्हणाली आणि कपाळाला हात लावला. मी अंडी, पाव, भात, जे होतं ते पोटभर वाढलं, वज्रासनात बसवलं. मग पुन्हा तीन वाट्या. हिनं चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि मधल्या वाटीवर बोट ठेवलं. मी वाट्यांच्या जागा बदलल्या. तरी बरोबर. मीठ आणखी कमी फरकानं घातलं. तरी बरोबर. मी एका वाटीत नुसता कांद्याचा रस टाकला. "कांदा, आणि शिळा आहे," ही म्हणाली.

मी आनंदानं टेबल बडवलं. "बघ! आधी जेवायचं, मग चव घ्यायची. संपलं!"

"दोन तास आधी काही खायचं नाही," ही म्हणाली.

"अगं पण आत्ताच बघितलंस ना..."

"भिंतीवर लिहिलंय. माझी सही आहे. एका पोरीला मी त्या नियमावरून घरी पाठवलंय, पावाचा तुकडा खाल्ला म्हणून. आता मीच खाऊन परीक्षेला बसू?"

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. परीक्षेच्या दिवशी सकाळी उठलो तर ही आसनं करत होती. काळा चहा तसाच गार पडलेला. म्हणाली, अंगाला सवय झालीय, राहवलं नाही. आणि काहीही न खाता निघून गेली. म्हणजे घात. योगा झालेला, पोट रिकामं. आता हिला भांडी घासायचं पाणी दिलं असतं तरी हिनं आठ दिले असते.

मी असा स्वयंपाक आयुष्यात केला नसेल. एका हातानं भाजी, एका हातानं भात, दुकानाबाहेर गिऱ्हाईक दार वाजवतंय, मी आतून ओरडतोय की आज दुकान मेलं. डबा भरला आणि सायकल अशी हाणली की काही विचारू नका. फॅक्टरीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. त्याला म्हटलं, घरात माणूस आजारी आहे, बायकोला बोलव. कोण आजारी ते मी सांगितलं नाही.

ही पांढरा कोट घातलेली धावत आली. डबा बघितला आणि थांबली.

"अहो, परत जा."

"खा."

"नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"का केला?"

नियम करताना हिनं काय विचार केला असेल ते मला काय माहीत? पण ही गेटच्या जाळीला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तेव्हा मला भूक लागत नव्हती."

मग म्हणाली, "साहेबांना सांगून येते." आत गेली. मी आणि वॉचमन एकमेकांकडे बघत उभे. ही परत आली. "म्हणाले, काय खायचं ते खा, वाट्या ओळख."

वॉचमनच्या केबिनमध्ये बाकावर बसून हिनं डबा उघडला. भात संपला, भाजी संपली, डब्याच्या कडेला लागलेलंही हिनं बोटानं पुसून घेतलं. वॉचमननं आपला पेला धुऊन पाणी दिलं. मी दारात उभा. आज मी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. मला भीती होती, ही आठ म्हणेल. आठ म्हणाली असती तर सगळं संपलं होतं.

हिनं पाणी प्यायलं, जिभेनं दात तपासले आणि भुवई वर केली. ती भुवई मी ओळखतो.

"पाच," ही म्हणाली. "मीठ कमी. मिरी जळलीय."

मिरी जळली होती. दारावर ओरडताना जळली होती, मी वरून लिंबू पिळून झाकली होती, कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणून. मी चौकटीला धरलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "शाब्बास," मी म्हटलं. "शाब्बास गं. जा आत."

ही केबिनच्या फरशीवर थोडा वेळ वज्रासनात बसली, नळावर चूळ भरली, कोट सारखा केला आणि गेली.

"काय झालं हो?" वॉचमन म्हणाला.

"पाच मिळाले."

"किती पैकी?"

"नऊ."

"मग एवढं काय त्यात?" तो म्हणाला, पण त्यानं मला बसायला जागा दिली.

ही बाहेर आली तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. चालण्यावरून काही कळेना. हिच्या चालण्यावरून कधीच काही कळत नाही.

"सगळ्या ओळखल्या," ही म्हणाली.

"साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार! नियमाचा कागद काढलाय भिंतीवरचा. नवा लिहायला सांगितलाय. आधी योगा, मग जेवण, मग चव." हिनं बाकावरचा रिकामा डबा उचलून माझ्या हातात दिला, वळली, दोन पावलं गेली आणि पुन्हा मागे फिरली.

"संध्याकाळी काय करणार आहात?"

जगात प्रत्येक घरात हा प्रश्न रोज विचारतात आणि रांधणाऱ्याचं डोकं उठतं. माझ्या बहिणीचा नवरा हा प्रश्न विचारतो तेव्हा ती लाटणं आपटते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तो कुणी विचारला नव्हता. मी गेटवर उभं राहून हिला सगळं सांगितलं, कांदा कसा चिरणार इथपासून. ही आत जायची थांबली होती, ऐकत होती.